दोन वावांचा हार

“मावशी, उद्या चोवीस हार लागतील. सकाळी आठच्या आत.”

वाळू झेंडूच्या वाफ्यात उभा होता. त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला. फोन त्याच्या बायकोचा, रंगूबाईचा, त्यामुळे कोणीही केला तरी आधी तिलाच हाक मारी.

“मी वाळू बोलतोय, साहेब.”

“हां, काका! शोरूममधून महेश. मावशींना सांगा, चोवीस. उद्या पाडवा, परवा मार्चअखेर. कंपनीने गाडीचा भाव दोन लाखांनी उतरवलाय. त्यात एकतीस तारखेनंतर रोड टॅक्सची माफी राहते का जाते, कुणालाच माहीत नाही. पब्लिक नुसती तुटून पडलीय. मावशी आहेत ना बांधायला?”

“ती गावाला गेलीय.”

“अजून? महिना झाला की!”

“हार येतील सकाळी,” वाळू म्हणाला आणि त्याने फोन बंद केला.

रंगूबाई गेली त्याला बत्तीस दिवस झाले होते. महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी बेलाच्या जुड्या बांधता बांधता तिच्या छातीत कळ आली. वाळूने तिला फुले वाहायच्या रिक्षात आपल्या शेजारी बसवले आणि दवाखान्याचा रस्ता धरला. मखमलाबाद नाक्याच्या अलीकडेच तिचे डोके त्याच्या खांद्यावर आले. झोप लागली असेल असे समजून तो खड्डे चुकवत रिक्षा चालवत राहिला.

दहावाही झाला नव्हता तेव्हा शोरूममधून महेशचा फोन आला होता. तो गाड्या गिऱ्हाईकांच्या ताब्यात द्यायचे काम बघायचा. “मावशी कुठंयत?” त्याने विचारले, आणि वाळूच्या तोंडून निघून गेले, “गावाला.” तेव्हा बोलायची ताकद नव्हती म्हणून तो तसे बोलला. पुढे खरे सांगायचे राहूनच गेले. आणि दुसरेही एक होते. घरी, वाफ्यात, फूलबाजारात सगळीकडे रंगूबाई मेलेली होती. गंगापूर रोडच्या त्या एका शोरूममध्ये मात्र ती सुरगाण्याला भावाकडे गेलेली होती आणि परत येणार होती. तेवढी एक जागा मोडायला त्याचे मन होत नव्हते.

तीस वर्षांपूर्वी ही दोघे सुरगाण्याहून द्राक्षांच्या छाटणीला आली आणि मखमलाबादलाच राहिली. मळा वाट्याने केला, झेंडू-शेवंती लावली. फुले पिकवायची वाळूने, हार करायचे रंगूबाईने. विजेवर चालणाऱ्या गाड्यांचे शोरूम उघडले तेव्हा तीच आत जाऊन विचारून आली होती, “तुमच्या गाड्यांना हार लागतात का नाय?” तेव्हापासून तिथली प्रत्येक नवी गाडी तिचा हार घालून बाहेर पडे. गाड्यांच्या भावाची तिला फार चौकशी. भाव जरा उतरला की ती महेशला म्हणायची, “असाच पडू द्या हो. पडत पडत आमच्या हाराच्या भावाला आला, की एक मला द्या.” महेश हसायचा. वाळू रिक्षात बसून ओरडायचा, “चल आता, तुझी गाडी इथं उभी हाय!”

गेल्या महिन्यात मात्र हार जवळजवळ गेलेच नव्हते. भाव आणखी उतरणार अशी हवा होती. लोक गाडी बघून जात, चालवून बघत आणि “थांबू जरा” म्हणून घरी जात. मधे दोनच गाड्या गेल्या. त्यांना शोरूमने चकचकीत कापडी फीत बांधली. फीत परत काढून घेता येते, पुन्हा वापरता येते, असे इसाकने वाळूला सांगितले होते. इसाक शोरूमच्या आवारात गाड्या धुवायचा. रंगूबाईच्या मातीला आलेला तिथला तो एकटाच.

देवळाचे हार रंगूबाई गेल्यावर दुसऱ्याकडे गेले, मांडववाल्यानेही माणूस बदलला. तिच्या हातची एवढी एकच जागा उरली होती. मुलगा कुंदन अंबडला कंपनीत होता. तो म्हणाला, “दादा, बास करा आता. माझ्याकडं या राहायला.” वाळूने एवढेच म्हटले, “शोरूमचे हार हायेत ना अजून.”

त्या दिवशी दुपारपासून तो ओवत बसला. शेजारची सविता मदतीला आली. तिने फुले निवडली, मधे लावायला आंब्याची पाने मोडून दिली. ओवायचे काम वाळूला येत होते, वर्षानुवर्षे तो रंगूबाईसमोर बसून ओवत आला होता. पण दोरा तोडून द्यायची ती. गाठ मारायची, गोंडा लावायची, तेही तीच.

“दोरा केवढा तोडू?” सविताने विचारले.

“दोन वाव,” वाळू म्हणाला. रंगूबाईचे माप त्याला पाठ होते. गाडीला दोन वाव, मोटरसायकलला एक, फोटोला अर्धा. त्याने उठून दोन्ही हात पसरले, या बोटापासून त्या बोटापर्यंत एक वाव, मग दुसरा. रंगूबाई असाच दोरा मोजायची, दारात उभी राहून, पक्षी पंख पसरतो तशी.

रात्री जेवायच्या वेळेला चोवीस हार आणि वर एक झाले. वरचा एक रंगूबाईच करायला लावायची, तुटलाबिटला तर असावा म्हणून.

*

शोरूमच्या आवारात सकाळी आठलाच जत्रा भरली होती. फाटकावर मोठा फलक लावला होता, जुना भाव तांबड्या रेघेने खोडलेला, खाली नवा भाव आणि त्याखाली ‘रोड टॅक्स माफ, ३१ मार्चपर्यंत’. चोवीस गाड्या दोन रांगांत उभ्या होत्या. त्यांना पुसून पुसून इसाकचा शर्ट पाठीला चिकटला होता. त्याचा रोजा होता, दुसऱ्या दिवशी ईद.

“आणले का?” त्याने रिक्षाच्या मागच्या टोपल्यांत डोकावून विचारले. मग हळूच म्हणाला, “वाळूभाऊ, तो महेश मला सकाळपासून दोनदा विचारून गेला, मावशी कधी येणार. मी गप बसलो. पण मला रोज्यात खोटं बोलायला नको लावू बाबा.”

“तू कशाला बोलतो? गपच बस.”

“गप बसणं पण खोटंच आहे की.”

वाळूने पहिली टोपली खाली उतरवली.

पहिली गाडी शुभांगी नावाच्या बाईंची होती. त्या शाळेत शिकवायच्या. बरोबर सासूबाई, वत्सलाबाई, सत्तरीच्या, नवे लुगडे नेसलेल्या आणि हातात सुनेने धरायला दिलेले आरतीचे ताट. शुभांगीबाई महेशला हसत सांगत होत्या, “आठ महिने थांबले हो मी. नवऱ्याच्या स्कूटरवर मागं बसून शाळेत गेले, पण थांबले. कर्जाच्या व्याजावर इन्कम टॅक्समधे सूट मिळायची, ती आमच्या आधीच बंद झाली. म्हटलं, आता ही दुसरी तरी हुकायची नाही.”

“आठ महिने रोज मोबाइलात भाव बघत बसायची,” वत्सलाबाई म्हणाल्या. “नवरात्रात मी म्हटलं, घेऊन टाक. तर म्हणते, आई, थांबा, अजून पडेल. मी म्हटलं, मी आहे तोवर पडू दे म्हणजे झालं!”

सगळे हसले. फोटोवाला पुढे आला. इसाकने चारी चाकांखाली लिंबे ठेवली. वाळूने हार घेतला आणि उजव्या बाजूच्या वायपरच्या बुडाला त्याचे एक टोक बांधायला लागला. त्याची गाठ सैल पडत होती. त्याने ती सोडून परत बांधली. हाराची दुसरी बाजू बॉनेटवर टाकली होती. ती जड होती, लांब होती. हळूहळू घसरत डाव्या चाकाच्या पुढे जमिनीवर आली. वाळूचे तिकडे लक्ष नव्हते.

“मॅडम, बसा आत. लिंबावरून थोडी पुढे घ्या,” फोटोवाला म्हणाला.

शुभांगीबाई बसल्या. इंजिनाचा आवाज नाही, धूर नाही, अंगाला हादरा नाही. गाडी सुरू झाली आहे हे वाळूला कळलेच नाही. हातातला दोरा एकदम ओढला गेला, त्याच्या बोटाला काचला आणि तटकन तुटला.

“थांब! शुभांगी, थांब!” वत्सलाबाई ओरडल्या.

गाडी थांबली. डावे चाक हारावर उभे होते. फुलांचा चेंदा झाला होता, आंब्याची पाने टायरला चिकटली होती. तुटलेल्या दोऱ्यावरून झेंडू एकेक करून फरशीवर घरंगळत होते.

वत्सलाबाईंच्या हातातले निरांजन विझले होते.

“पाडव्याच्या दिवशी, पहिल्या पावलाला,” त्या म्हणाल्या. “ही गाडी आज घरी न्यायची नाही.”

“आई, काहीतरीच काय! हार पडला, चाकाखाली आला. एवढं काय त्यात?”

“एवढंच कसं? सगळं जग वाट बघून मुहूर्तावर गाडी घेतं ते कशाला मग?”

महेश धावत आला. त्याने टोपलीतून दुसरा हार उचलला, लांब धरला आणि त्याचा चेहरा बदलला. “काका, हे काय? हा तर जमिनीला लागतोय. सगळे असेच?” त्याने तिसरा उचलला, चौथा. “अहो, दोन-अडीच फूट जास्त लांब आहेत सगळे. मावशींचा हार कधी असा नव्हता. मोजता कशाने तुम्ही?”

“वावाने. दोन वाव,” वाळू म्हणाला आणि नकळत त्याने हात पसरून दाखवले.

ते हात तसे पसरलेले असतानाच त्याला कळले. तो ताडमाड उंच होता. रंगूबाई त्याच्या खांद्याखाली मावायची. तिचे दोन वाव आणि त्याचे दोन वाव यांत फरक असणारच, हे तीस वर्षांत कधी मनात आले नव्हते. मोजायचे काम त्याने कधी केलेच नव्हते.

“साहेबांनी फितींचं खोकं मागवून ठेवलंय,” महेश म्हणाला. “मीच त्यांना म्हटलं, पाडव्याला फुलंच हवीत. आता काय सांगू? तेवीस गिऱ्हाईकं उभी आहेत मागं. थांबा, मावशींनाच विचारतो किती ठेवायचं ते.”

त्याने घाईघाईत आपला फोन काढला, नाव शोधले आणि बोट दाबले.

वाळूच्या खिशात फोन वाजायला लागला.

महेशने त्याच्याकडे बघितले. “हां, फोन इथंच आहे नाही का. मग भावाचा नंबर द्या त्यांच्या.”

फोन वाजतच राहिला. इसाक हातातला फडका पिळत जवळ आला. “वाळूभाऊ,” तो म्हणाला, “बस झालं आता.”

वाळूने खिशात हात घालून फोन बंद केला.

“ती नाय येणार, साहेब,” तो म्हणाला. “ती वारली. महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी. तुम्हाला मी खोटं सांगितलं.”

फोटोवाल्याने कॅमेरा खाली केला.

“अहो, मग सांगायचं ना,” महेश हळूच म्हणाला.

“सांगणार व्हतो.” वाळू वत्सलाबाईंकडे वळला. “आजी, हार मी बांधला. चूक माझी. ह्या बाईंची नाय न् गाडीचीबी नाय. माझी मालकीण गिऱ्हाइकाकडनं आधी किल्ली मागून घ्यायची आणि कनवटीला लावायची. हार बांधून झाल्याबिगर देत नसे. म्हणायची, तुमची गाडी मुकी हाय, कधी निघंल कळत नाय. मी ते इसरलो.”

एवढे बोलून तो आपल्या रिक्षाकडे गेला.

रिक्षाच्या पुढच्या काचेखाली एक वाळलेला हार होता. दसऱ्याचा. त्या दिवशी एका गिऱ्हाइकाने ऐन वेळी गाडी नको म्हटले होते, भाव उतरेपर्यंत थांबतो म्हणाला. हार उरला. रंगूबाईने तो आपल्या रिक्षाला दोन वेढे घेऊन बांधला. “घ्या,” ती म्हणाली होती, “वीस लाखांच्या गाडीचा हार तुमच्या खटाऱ्याला.” तेव्हापासून वाळूने तो काढला नव्हता. फुले तपकिरी होऊन सुपारीएवढी झाली होती. ती गेली त्या दिवशीही तो तिच्यासमोर हलत होता.

“तो नको काढू,” मागून इसाक म्हणाला. “अंदाजाने कापू आपण. चालतं तेवढं.”

“अंदाजानंच तर चुकलं.”

गाठ पावसाने, उन्हाने घट्ट झाली होती. वाळूने ती नखाने सोडवली. दुसरी सोडवली. हार हातात घेतला तसा त्याचा चुरा व्हायला लागला. फरशीवर आणेपर्यंत निम्मी फुले गळून गेली आणि त्याने टोक धरून ताणला तेव्हा उरलेलीही खाली आली. हातात दोरा राहिला, दोन्ही टोकांना तिच्या गाठी असलेला.

“कुणीतरी धरा ह्ये टोक,” तो म्हणाला.

महेश पुढे व्हायच्या आत वत्सलाबाईंनी हातातले ताट शुभांगीबाईंकडे दिले. त्या गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकल्या आणि त्यांनी दोऱ्याचे टोक चिमटीत धरले.

“आई, तुम्ही कशाला?”

“धरू दे. हिचे सासरे गेल्याला बारा वर्षं झाली, तेव्हापासून शुभकार्यात मला कुणी हाराला हात लावू देत नाही.” मग वाळूकडे बघून म्हणाल्या, “ओढा. मी धरलंय घट्ट.”

वाळूने ताजा हार दोऱ्याशेजारी लावला. अडीच फुटांना दोन बोटे कमी, एवढा तो जास्त होता. त्याने जास्तीची फुले काढली, दोरा तोडला, टोकाला गाठ मारली. पहिली सुटली. दुसरी बसली. इसाकने दुसरी टोपली ओढून आणली आणि ओल्या हातांनी हार सोडवून द्यायला लागला. कोणी गिऱ्हाईक घड्याळ बघत होते, कोणी चहाला गेले. वत्सलाबाई खुर्ची मागवून बसल्या, पण टोक त्यांनी सोडले नाही.

सगळे हार आखूड झाल्यावर त्यातला पहिला घेऊन वाळू शुभांगीबाईंच्या गाडीकडे गेला.

“किल्ली द्या आधी,” तो म्हणाला.

शुभांगीबाईंनी सासूकडे बघितले. वत्सलाबाई म्हणाल्या, “दे. रीत आहे त्यांची.”

किल्ली खिशात टाकून वाळूने हार बांधला. गोंडा नंबरप्लेटच्या चार बोटे वर आला, रंगूबाईचा यायचा तिथेच. मग त्याने किल्ली परत दिली आणि वत्सलाबाई सुनेशेजारी बसल्या. नवीन लिंबे ठेवली गेली. गाडी आवाज न करता पुढे गेली, फक्त लिंबे फुटल्याचे ऐकू आले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फाटकातून बाहेर पडताना वत्सलाबाईंनी काचेतून हात बाहेर काढला, पण वाळू तोवर दुसऱ्या गाडीच्या हारावर वाकला होता.

*

संध्याकाळी आवार रिकामे झाले. उद्या ईदची सुट्टी, म्हणून फाटकावरचा फलक दोघे जण आजच शिडीवर चढून उतरवत होते, तारखेच्या जागी काय लिहायचे ते ठरायचे होते. इसाक नळाशी हातपाय धुऊन पायरीवर बसला. त्याने खजुराची पुडी उघडली आणि एक वाळूपुढे धरला.

“तुझा रोजा हाय. तू खा आधी.”

“अजून पाच मिनिटं आहेत. हातात तरी धर.”

वाळूने धरला. त्याची बोटे केशरी झाली होती. दोऱ्याने काचलेले बोट सुजले होते.

महेश पाकीट घेऊन आला. ते देऊन तो तसाच उभा राहिला. “काका, एक बोलायचं होतं. तुमच्या हारांबद्दल तक्रार नाही, खरंच नाही. पण कंपनीने भाव उतरवला तो आमच्या कमिशनमधूनही गेलाय. वरून यादी आलीय, काय काय कमी करायचं त्याची. पेढे, नारळ, हार. एक तारखेपासून फीतच. मी बोलून बघितलं दुपारी.”

“बरं,” वाळू म्हणाला.

“अक्षय तृतीयेला परत विचारून बघतो. काही झालं तर फोन करीनच.” महेशने फोन काढला. “नाव तेवढं बदलून घेतो. ‘रंगूबाई हार’ आहे यात. वाळूकाका करू ना?”

वाळूने खजूर या हातातून त्या हातात घेतला.

“राहू द्या तेच,” तो म्हणाला.

महेशने मान हलवली आणि फोन तसाच खिशात ठेवला. लांबून अजान ऐकू आली. इसाकने खजूर तोंडात टाकला, वाळूनेही टाकला.

मग वाळू उठला. रिकाम्या टोपल्या एकात एक घालून त्याने रिक्षात ठेवल्या. रिक्षाचे तोंड मोकळे दिसत होते. काचेखाली हार होता तिथे पत्र्यावर धूळ बसली नव्हती, दोन पट्टे स्वच्छ राहिले होते. त्याने खिशातून दोरा काढला, त्या पट्ट्यांवरूनच दोन वेढे घेतले आणि टोके बांधली. त्याची गाठ बसली. तिच्या गाठी आत वळवून ठेवल्या.

इसाक फाटक ओढायला आला होता. रिक्षा फटफट करत रस्त्याला लागली तेव्हा त्याने मुद्दाम बघितले. दोरा लांबून दिसत नव्हता.